अकरा फेरे

३ जून

चि. चिमीस,
अ. आ. वि. वि. फोनवर बोलले तर भांडेन, म्हणून हे पत्र.

पेपरातला तुझा फोटो आईने कापून फ्रीजवर लावलाय. आमच्या पंपहाउसची पाव हिस्सा वीज तू वाचवलीस, तेवढा कोळसा जळायचा राहिला, असं खाली छापलंय. आई येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवते. बावीस वर्षं तिथे पाळी करते मी, आणि फ्रीजमधून दूध काढायला गेलं की रोज तुझं तोंड बघायचं! हो, जळते मी. सख्ख्या बहिणीवर जळते.

तुझा अहवालही वाचला. ऑपरेटर सवयीने व्हॉल्व अर्धा बंद ठेवत, त्यामुळे वीज वाया जाई म्हणे. सवयीने? गरजेपेक्षा मोठा पंप आणला पाणीखात्याने. पहिल्याच वर्षी खालच्या गल्लीतला जुना पाइप त्याच्या दाबाने फुटला, लोकांच्या घरात पाणी शिरलं. तेव्हापासून व्हॉल्वचं चाक अकरा फेरे आवळायचं मी ठरवलं, भिंतीवर खडूने खूण केली. पंपाचा वेग कमी करणारं तुझं यंत्र आत्ता आलं. माझ्याकडे दोन हातच होते.

कळावे. लोभ सध्या मोजकाच आहे.
ताई

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. ते वाक्य लिहिताना समोर फक्त आकडे होते, तू नव्हतीस. चुकलं माझं. पण जळण्याचं म्हणशील तर, ताईसारखं नीट कर, हे आईकडून ऐकतच मी मोठी झाले. तुझा हेवा मीही काही कमी केलेला नाही.

आता खरी अडचण. वरच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर सकाळचं पाणी चढत नाहीये. वेग ठरवताना मी सगळं तीनदा तपासलं होतं गं! साहेब म्हणतात, सोमवारपर्यंत जमलं नाही तर यंत्र काढा आणि पंप पूर्वीसारखा चालवा. मग बाकीच्या नऊ पंपहाउसांत ते बसवायचाही विषय संपला. माझं नाक कापलं जाईल ते वेगळंच. तू तिथे रोज उभी असतेस. काय बिघडलंय, सांगशील?

लोभ मोजका तर मोजका, पण बंद करू नकोस.
चिमी

१५ जून

चि. चिमीस,
अ. आ. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तुझी माणसं यंत्राची चाचणी आटोपून, व्हॉल्व पूर्ण उघडा ठेवून गेली, त्याच संध्याकाळी चाक मी फिरवलं. मोजून अकरा फेरे. पंप हळू आणि वर व्हॉल्व आवळलेला, मग पाणी चढणार कसं? सवयीने नाही हं, ठरवून. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला, असं मनात आलं आणि हात चाकाकडे गेला. तक्रारी आल्या तेव्हा बरं वाटलं मला. दुसरा कप चहा घेतला.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी बादली घेऊन पंपहाउसच्या नळावर आल्या. मलाच म्हणाल्या की तू आहेस म्हणून पाणी मिळतं बाई. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. लगेच चाक पूर्ण उघडलं. काल सकाळी पाणी चढलं.

सोबत माझी वही पाठवतेय. कोणत्या तासाला कुठे किती दाब लागतो, खालची गल्ली किती सोसते, सगळं बावीस वर्षांचं लिहिलंय. दुपारी दोन ते चार तुझा पंप अजून हळू चालेल, बघ. हे पत्र साहेबांना दाखवायचं तर खुशाल दाखव. नोकरी गेली तर गेली. तुला तोंडघशी पाडायला निघाले होते, ते जास्त बोचतंय.

लोभ ठेवशील का, हे विचारायची लाज वाटते.
ताई

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तीन दिवस तुझं नाव काढलं नाही, इतका राग आला. चौथ्या दिवशी वही उघडली. तुझ्या आकड्यांनी वीज आणखी वाचली, आणि खालच्या गल्लीत एक थेंब गळला नाही.

साहेबांना फक्त वही दाखवली. पत्र माझ्याकडेच आहे. अहवालातलं वाक्य खोडून लिहिलं की पंप मोठा होता, ऑपरेटरने व्हॉल्व आवळून बावीस वर्षं पाइप सांभाळले, आणि यंत्राचा वेग त्यांच्याच नोंदींवरून ठरवला. बाकीच्या नऊ पंपहाउसांत शिकवायला तुला बोलावलंय. पेपरवाले तुझा फोटो काढायला येतील. मला कोणी ये सुद्धा म्हटलं नाही. आता माझ्या पोटात दुखतंय!

लोभ पूर्वीसारखा असू दे, नाहीतर आईला सगळं सांगेन.
चिमी

८ जुलै

चि. चिमीस,
अ. आ. आईने माझाही फोटो फ्रीजवर लावला. जागा नव्हती, म्हणून तुझ्यावरच चिकटवला. तुझा एक डोळा आणि अर्धी वेणी तेवढी दिसते. जरासा सरकवला की झालं. आठ दिवस झाले, मी रोज म्हणते, उद्या सरकवीन.

लोभ आहेच, तो काही झाकलेला नाही.
ताई