सशाचा कान

रविवार, संध्याकाळ. सावेडी.

पुण्याच्या कॉस्प्ले, म्हणजे पात्रांची सोंगं घेऊन जमायच्या, मेळाव्यात दिवसभर मी गुलाबी ससा होते. कितीतरी जणांनी फोटो काढले. मुखवटा एकदाही काढला नाही, नाव कुणालाच सांगितलं नाही. गर्दीत डावा कान तुटून हरवला, त्याचीच हळहळ करत एसटीने घरी आले.

कान आमच्या टेबलावर होता. फाटलेली कड गुलाबी दोऱ्याने नीट शिवलेली.

आई म्हणाली, "तुझा मित्र देऊन गेला. म्हणाला, ती मागच्या गाडीत बसलीय, येईल तासाभरात."

कुठला मित्र? मी तर एकटीच गेले होते. आणि घर कसं सापडलं त्याला?

कानाला अजून हात लावलेला नाही.

"चहासुद्धा घेतला नाही बिचाऱ्यानं," आई म्हणाली. "मग पुढच्या रविवारी जेवायलाच बोलावलंय. नक्की येतो म्हणाला."