तुमचा लॅपटॉप आईने नीट केला

प्रिय बाबा,

तुम्हाला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. आज लिहितेय, कारण आज मी तुमच्यावर चिडलेय आणि हे आईला ऐकवून तिला दुखवायचं नाही.

तुमचा रविवारचा मराठी वाचनाचा ऑनलाइन वर्ग आता आई घेते. नल्लकुंटा, हिमायतनगर, शहरातल्या कुठकुठल्या भागांतली आपली मुलं. घरी मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. पण तुमचा लॅपटॉप सुरू व्हायलाच इतका वेळ लावायचा की मुलं कंटाळून निघून जायची. शेवटी आई एकटीच तो घेऊन आबिड्सच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. त्यांनी सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली. घरी आणला, तर आधीपेक्षा हळू! ती परत गेली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "आंटी, आप हात नक्को लगाओ. आपके हात से बिगड रा."

आणि आई त्यालाच सॉरी म्हणून आली. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई!

मी खोदून विचारलं तेव्हा हे कळलं. ऑफिसातून तडक घरी आले. दुकानात जाऊन भांडणारच होते, पण आई म्हणाली, आधी काय झालंय ते तरी बघ.

बघितलं. त्याने न विचारता नाही नाही ते प्रोग्राम भरले होते आणि लॅपटॉप चालू केला की ते सगळे एकदम सुरू होत. व्हायरस शोधणारेच दोन, एकमेकांच्या पायात पाय घालणारे. स्क्रीन नीट चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात तो, तर टाकलाच नव्हता. मी माउसकडे हात नेला, तशी आई म्हणाली, "तू नुसतं सांग. मी करते."

तिने एकेक नाव वाचलं, हे कशाला लागतं ते विचारलं, नको ते काढून टाकलं. नेटवरून ड्रायव्हर उतरवून घेतला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर तिचा चष्मा पुसून होईपर्यंत तयार.

मला वाटलं, ती हसेल. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी काही बिघडवलं नव्हतं."

बाबा, तिथे माझा राग तुमच्याकडे वळला. दुकानदाराचं बोलणं तिने इतकं मुकाट का मानलं? कारण तेच ती घरात वर्षानुवर्षं ऐकत होती. तू हात लावू नकोस, बिघडेल. प्रेमानेच म्हणायचात, ठाऊक आहे मला. पण परक्या मुलांना काना-मात्रा इतक्या धीराने शिकवणारे तुम्ही, तिला एक बटण दाखवायला तुमचा धीर का संपायचा? हॉस्पिटलातसुद्धा लॅपटॉपचा पासवर्ड मला फोन करून सांगितलात. ती तर तुमच्या उशाशी बसली होती ना?

तुमच्याशी भांडायला तुम्ही हवे होतात, याचाही राग आहेच.

एक मात्र शब्द देते. तिच्या हातातून मी काही काढून घेणार नाही. ती चुकेल, वेळ लावेल, मी शेजारी गप्प बसेन. दुकानदाराने लॅपटॉपवर मालकाच्या जागी नुसतं 'युजर' लिहून दिलं होतं. मी तिथे तुमचं नाव घालायला निघाले होते. आईने मला थांबवलं आणि स्वतःचं घातलं. ते तसंच राहील.

तुमची,
वैदेही