सहादूच्या वकिलाचा एक शब्द

मनमाड, १० फेब्रुवारी १९९८

प्रिय पुंजाराम यांस, स. न. वि. वि.

सटाण्याहून माझ्या धाकट्या भावाच्या, सहादूच्या, वकिलाची इंग्रजी नोटीस आली आहे. सामाईक विहिरीवरच्या माझ्या पाळीच्या आठवड्यात मी मोटारीच्या खोलीला कुलूप लावतो, ते 'रँकर'पोटी, असे तीत म्हटले आहे. माझे शेत पडीक, म्हणून आजवर माझ्या पाळीचे पाणीही तोच घेई. पण पल्लवीच्या लग्नाला सख्खा काका फिरकला नाही; आता पाणी कसले मागतो? तुम्ही इंग्रजीचे मास्तर. अर्थ कळवा, म्हणजे उत्तर धाडतो. तुमची बहीण या विषयावर माझ्याशी बोलत नाही.

आपला,
कोंडाजी

नाशिक, १४ फेब्रुवारी

ती. दाजींस, शि. सा. न. वि. वि.

शालकाच्या पांडित्याचे आपणांस प्रथमच स्मरण झाले, याबद्दल मी स्वतःचे अभिनंदन करून घेतले.

कोश धुंडाळला. द्वेष, मत्सर, असूया या आपल्या परिचित मंडळींत हा गृहस्थ बसत नाही. याचे मूळ लॅटिन, आणि मूळ अर्थ केवळ दुर्गंधी. शिळ्या चरबीला सुटते ती. खवट तेलाला इंग्रज जो शब्द योजतो, तो याचाच सहोदर. राग झोंबतो आणि उतरतो. रँकर म्हणजे झाकून ठेवलेला राग; ज्याच्या घरात असतो, त्याच्याच नाकाला तो सर्वांत शेवटी कळतो.

चंद्राक्काने मला निराळे लिहिले आहे. आपण रेल्वेची रजा टाकून ते कुलूप तपासायला सटाण्याला जाता म्हणे. जिथे काहीच पेरलेले नाही, त्या क्षेत्राची एवढी राखण इतिहासात कोणी केली नसावी. वकिलाचा शब्द यथार्थ आहे, हे खेदपूर्वक प्रमाणित करतो. सहादूचा कांदा ऐन पोसण्यात आहे. नोटिशीच्या उत्तराने तो भिजणार नाही.

लोभ असावा; हे वाचूनही असावा.

आपला आज्ञाधारक (सोयीनुसार),
पुंजाराम

मनमाड, ३ मार्च

प्रिय पुंजाराम यांस, स. न. वि. वि.

तुमचे पत्र फाडले. मग गेलो.

कुलूप काढले तेव्हा सहादू बांधावर बसला होता. म्हणाला, आता वकील काय ते बोलेल, पाणी नको. मोटार मीच चालू केली आणि फावडे घेऊन त्याच्या वाफ्यांत पाणी वळवू लागलो. निम्मा कांदा पिवळा पडून गेलाच होता. माझ्या हातून एक वरंबा फुटला. तेव्हा तो उठला, फावडे हिसकावले आणि म्हणाला, रेल्वेवाल्यांनी झेंडी दाखवावी, पाणी भरू नये. पुढे अंधार पडेतो पाणी त्यानेच वळवले. लग्नाला का आला नाहीस, ते मी विचारले नाही.

नोटीस त्याने मागे घेतलेली नाही. किल्ली त्याच्या ओट्यावर ठेवून आलो. त्याने उचलली की नाही, हे बघायला थांबलो नाही.

तुमच्या अक्काचे आशीर्वाद. माझा राग तुमच्यावर अजून आहे, पण ताजा आहे.

आपला,
कोंडाजी