गालातली हवा

ता. ४, रविवार, सकाळ

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण स्वतःहून कळवणाऱ्यांतला तू नाहीस. फोन केला की मागे यंत्रं खडखडतात आणि तू "बरं, बरं, ठेवतो" म्हणतोस. म्हणून पत्र लिहायला बसले. ते तू मध्येच ठेवलंस तरी उरलेलं कागदावर राहील.

इकडचं विशेष काही नाही. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. नळवाल्याने दोन तास काम केलं आणि तीन तास गप्पा मारल्या. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझी लेक, म्हणजे आमच्या बाईसाहेब, दोन बोटं उंच झाल्या आहेत. परवा आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हाताने कपाळावरचे केस कापले. उजवीकडे भुवईपर्यंत आले आणि डावीकडे काही उरलंच नाही. मी हसले तर म्हणते, "आत्या, तू फार जुन्या वळणाची आहेस."

वसतिगृहाची पेटी तयार आहे. झाकणावर तिचं नाव घातलं, गणवेशाच्या बाह्या आखूड केल्या. पंधरा तारखेच्या गाडीचं तिकीटही आलं.

डॉक्टर काय म्हणाले, हे तू तीनदा विचारलंस. तुझं म्हणणं माझ्या लक्षात आहे. आजार असेल तर जाणं पुढे ढकलू, नसेल तर पंधराला पाठव. सांगते. तुला अर्धवट सांगितलेलं चालत नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

दीड महिन्यात तिचा डावा गाल तीनदा सुजला. सूज कानापुढे येते, कानाची पाळी बाहेर ढकलल्यासारखी दिसते. ताप नाही, दोन दिवसांत उतरते. पहिल्यांदा प्रवेशपरीक्षेच्या दिवशी, दुसऱ्यांदा गणवेश आणायला निघालो तेव्हा, आणि तिसऱ्यांदा गेल्या गुरुवारी, वसतिगृह बघायला जायचं होतं त्या सकाळी. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, गालगुंड असं पुन्हा पुन्हा होत नाही, लाळेच्या नळीत खडा अडकला असेल. नळीत सुईने औषध सोडून फोटो काढू म्हणाले. त्याची तारीख नऊ, येता शुक्रवार.

आता ही नळी म्हणजे माझ्या रोजच्या ओळखीची. दातांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं मी दुसरं काय केलं? कानापुढे लाळेची मोठी ग्रंथी असते. तिची नळी बोटभर लांब, पेनातल्या रिफिलएवढी जाड. दात घट्ट आवळ आणि गालाच्या हाडाखाली बोट वरखाली फिरव, दोरीसारखी हाताला लागेल. चावायच्या स्नायूवरून ती पुढे येते, त्याच्या कडेला आत वळते आणि गालातून तिरकी जाऊन वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. तिथे मोहरीएवढा उंचवटा असतो. त्याच्यावर मी कापसाची गुंडाळी ठेवते, आणि दुसरी जिभेखाली, कारण जबड्याखालच्या ग्रंथींच्या नळ्या तिथे येतात. ही दोन ठिकाणं आवरली की तोंड कोरडं राहतं आणि दाढेत भरलेलं सिमेंट टिकतं. पेशंटसमोर लिंबाचं नाव काढायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नुसत्या नावाने सगळा कापूस भिजतो.

शुक्रवारपर्यंत थांबवेना, म्हणून काल आमच्या डॉक्टरीणबाईंनाच दाखवलं. मी बॅटरी धरली. बाईंनी गाल आतून पुसून घेतला आणि कानाकडून पुढे अंगठा दाबत आणला. खडा असता तर काहीच आलं नसतं, किंवा पू आला असता. नुसती लाळ असती तर पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला असता. आला तो पांढरा फेस. बारीक बारीक बुडबुड्यांचा. सुजेवर बोट ठेवलं तर आत करकर लागत होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरी बंद केली आणि ट्रे धुवायला घेतला.

फोटोची गरज नाही, असं बाईंचं मत पडलं. आज इतकंच. कपडे वाळत घालायचे राहिलेत.


ता. ६, मंगळवार, दुपार

दवाखान्यात दुपारी कोणी नसतं. वाफेच्या यंत्रात हत्यारं लावली आहेत, ती निघेपर्यंत पाऊण तास माझा आहे. रविवारचं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. ते तसंच पोस्टात टाकावं असंही मनात आलं होतं.

त्या फेसाचा अर्थ असा की नळीत हवा शिरली आहे. नळी तिरकी असते ती याचसाठी. गाल फुगवले की ती दाबली जाते आणि मिटते, नाहीतर फुगे फुगवणाऱ्या प्रत्येकाचा गाल सुजला असता. पण कोणी नाक चिमटीत धरलं, ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा पुन्हा जोर लावला, तर हवा उलटी आत जाते आणि ग्रंथीपर्यंत पोचते.

हे मला बाईंनी सांगण्याची गरज नव्हती. मी आधी पाहिलेलं होतं. कोणाला करताना, ते तुला सांगायला नको.

बाईसाहेबांना घरी नेलं, समोर बसवलं आणि म्हटलं, "मला करून दाखव." ती आधी रडली. मग दाखवलं. अगदी तसंच, डोळे मिटून, खांदे वर करून. खाण तशी माती, म्हणतात ते खोटं नाही.

"कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"बाबांनी," ती म्हणाली. "शिकवलं नाही, गंमत म्हणून सांगितलं होतं. लहानपणी वसतिगृहात जायचं नव्हतं म्हणून ते असं करायचे."

"तुला का जायचं नाही?"

"मी गेले की तू एकटी राहशील. आणि मीपण."

धाकट्या, तुला वाटतं मुलगी मला भार होते. फोनवर दर वेळी म्हणतोस, "ताई, तुला किती त्रास द्यायचा? मीही वसतिगृहातच वाढलो, माझं काय वाईट झालं?" दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि तू तिला माझ्या हाती दिलीस, तेव्हापासून हेच. तुझा हेतू चांगला आहे, म्हणूनच मला उत्तर देता येत नव्हतं. खरं उत्तर द्यायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागतं आणि तिथे जायला मी भीत होते.

तर जाते.

आईला जाऊन वर्ष झालं होतं. तू नऊ वर्षांचा, मी तेरा. बाबांनी तुला वसतिगृहात घालायचं ठरवलं आणि तुझा गाल सुजला. एकदा, दोनदा, तीनदा. बाबा विरघळत चालले होते. एके दिवशी मला म्हणाले, "राहू दे त्याला घरी. तू वर्षभर शाळा बंद ठेव, त्याच्याकडे बघ." मी बरं म्हटलं. त्या घरात बरंच म्हणायचं असायचं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या फटीतून मी तुला पाहिलं, नाक धरून फुगताना. तुझा चेहरा लालबुंद झाला होता. मी आत येऊन तुला जवळ घ्यायला हवं होतं. मी सरळ बाबांकडे गेले आणि सांगितलं.

नंतर मी स्वतःला समजावलं की खोटेपणा सहन होईना म्हणून सांगितलं. ते खरं नाही. मला शाळेत जायचं होतं. दोन वेळचा स्वयंपाक, धुणं, तुझा अभ्यास, तुझी रडारड, या सगळ्यांनी मी थकले होते. तू गेलास की निम्मं काम कमी होईल, हे मी बोटांवर मोजलं होतं. तू गेलास. माझी शाळा वाचली. तिच्याच जोरावर ही नोकरी लागली, सव्वीस वर्षं टिकली. आणि तू अठराव्या वर्षी परत आलास तो पाहुण्यासारखा, चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारा. आजही माझ्या घरी तू कप विसळतोस.

हे मी कोणाजवळ बोलले नाही. तू आयुष्यभर समजत आलास की गाल दाखवायला नेलं तिथल्या कंपाउंडरने तुला पकडलं. निदान मला तसं वाटत होतं.

शनिवारी तुझ्या लेकीला मी विचारलं, "बाबांची युक्ती किती दिवस चालली?"

"तीनदा," ती म्हणाली. "मग कोणीतरी सांगून टाकलं."

"कोणी?"

"तेच मी विचारलं. बाबा म्हणाले, नाव नाही सांगणार. ते माणूसही तेव्हा लहानच होतं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं, तुला काय हवंय म्हणून."

मी उठून गॅस बंद करायला गेले. गॅस चालू नव्हता. तिथेच ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. पोरीने मागून येऊन माझ्या कमरेला मिठी मारली. तिला वाटलं मी तिच्यावर रागावले आहे. मी सांगितलं, "नाही गं, तुझ्या बापावर रागावले. इतकी वर्षं ठाऊक होतं आणि तोंडातून अक्षर काढलं नाही."

कधीपासून ठाऊक होतं तुला? दारातून माझा आवाज आला होता का? की माझा चेहरा पाहून कळलं? हे मला खरोखर ऐकायचं आहे, मग ऐकून कितीही वाईट वाटो.

रविवारी एक गोष्ट मनात आली होती, तीही सांगते. खडा आहे म्हणून तुला कळवावं आणि पोरीला ठेवून घ्यावं. मग विचार केला, त्यासाठी तिच्या गालात सुई घालू द्यायची का? शिवाय बाई म्हणाल्या, "मावशी, हे थांबायलाच हवं. नळीचं तोंड सैल पडलं की पुढे नुसतं नाक शिंकरलं तरी हवा शिरेल आणि हवेबरोबर जंतूही जातील." म्हणून शुक्रवारची तारीख काल रद्द केली. पोरीला मी शब्द दिला आहे आणि तिने मला. ती गाल फुगवणार नाही. तुला मी हे सगळं लिहू का, हेही तिला विचारलं. विचार करून म्हणाली, "लिही. पण त्यांनी गंमत म्हणून सांगितलं होतं, हे लिही."

तर आजार काही नाही, हे तुला कळवते. तुझ्या हिशेबाने तिने पंधराला निघायला हवं. मी तिला पाठवणार नाही. तिकीट परत केलं आहे, पेटीतले कपडे कपाटात लावले आहेत. रागवायचं तर माझ्यावर रागाव, पण इथे येऊन रागाव. चार दिवसांची रजा काढ. लेकीजवळ बस, तिला काय हवंय ते तिच्या तोंडून ऐक.

आणि त्रासाचं म्हणशील, तर त्या वेळी मी तेरा वर्षांची होते. मला खरंच झेपत नव्हतं, रे. आता मी त्रेपन्न वर्षांची आहे. आता मला जमतं.

तुझी,
ज्या घरातून तुला जावं लागलं त्या घरातली,
ताई