बाहेरची कडी

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोर रुळली का, असं विचारलंयस. तसं म्हणवत नाही. मंगळवारी तिनं खाली आमच्या काचेच्या दुकानात फ्रेमा ठोकायची हातोडी उचलून ह्यांच्या हातावर घातली. करंगळी मोडली. ह्यांनी फक्त जरा बाजूला हो म्हटलं होतं. डॉक्टरांना म्हणाले, माझाच नेम चुकला. घरी येऊन हसतात आणि तिला ठिणगी म्हणतात.

तिच्या कागदांवर वय अंदाजे नऊ आणि पूर्वीची माहिती उपलब्ध नाही, एवढंच आहे. याआधी तीन घरांनी तिला सांभाळायला नेलं आणि संस्थेत परत आणून सोडलं. पाठीवर गोल डाग आहेत, ते कशाचे हे कोणी लिहिलेलं नाही. झोपते टेबलाखाली, बूट घालून.

आता जे सांगायला लाज वाटते ते. काल तिनं मी छापखान्यातून तपासायला आणलेली प्रुफं फाडली आणि मी हात उगारला. ती मागे सरली नाही. केसांतली क्लिप काढून जपून खिडकीत ठेवली आणि तोंड पुढे करून उभी राहिली. क्लिप मोडू नये म्हणून. मी मारलं नाही. पण ताई, हात आवरला तो दयेनं की भीतीनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चार ओळी तरी लिही, मला त्यांचा आधार असतो.

तुझी,
धाकटी


११ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जावईबापूंना सांग, खोटं बोलायचं तर पटेल असं बोला. मी तीस वर्षं वॉर्डात काढलीत. स्वतःच्या हातोडीनं हात मोडलेला माणूस शिव्या घालत येतो, हसत नाही.

तुला मात्र स्पष्ट लिहिते. सेहेचाळीस वर्षांची झालीस. शाळेत कुणाचीही दौत सांडली तरी मीच सांडली म्हणत उभी राहायचीस तू! या पोरीचं जे झालं ते तू केलेलं नाहीस. झेपत नसेल तर परत दे, कोणी नावं ठेवणार नाही, आणि ठेवलीच तर मी आहे. ठेवून घेणार असशील तर धारदार काही तिच्या हाताशी नको. काचेच्या दुकानावर राहणाऱ्यांना हे सांगताना माझं मलाच हसू येतंय.

जिवाला जप. माझी माया धाकात गुंडाळूनच येते, हे तुला माहीत आहे.

तुझी,
ताई


२३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर समजून घे. माझ्या उजव्या खांद्याला सहा टाके आहेत, तिच्या दंडाला चौदा.

शनिवारी दुपारी हे बाहेर गेले होते. तिनं दुकानातली मोठी काच खुर्ची घालून फोडली. जमीनभर चुरा, आणि त्या दिवशी नेमकी अनवाणी. मी तिला उचलून बाथरूममध्ये ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. पायात काच जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. झाडून घेते, दोनच मिनिटं, असं ओरडून सांगितलंही. आतून रडणं नाही, किंचाळणं नाही. फक्त दारावर डोकं आपटल्याचा आवाज, एका लयीत. मी झाडतच राहिले, ताई. कोपरेसुद्धा काढले. मग झरोक्याची काच फुटली.

कडी काढली तेव्हा तिचा दंड फाटला होता, भिंतीवर रक्त उडालं होतं. हातातला तुकडा घेऊन ती माझ्यावर धावली. तो खांद्यात घुसला, मग खाली पडला. आणि त्यानंतर मी तिला मारलं. तिच्या हातात काही नसताना, हे लक्षात घे. दोनदा, तोंडावर. दुसऱ्या वेळी तिचा हात क्लिप शोधत केसांकडे गेला होता.

येत्या सोमवारी संस्थेच्या अधिकारी बाई येणार. त्यांच्या फॉर्मवर दोन प्रश्न आहेत. मुलीला कधी कोंडलं का, तिच्यावर कधी हात उचलला का. हो लिहिलं तर तिला चौथ्यांदा संस्थेत नेतील. हे म्हणतात, नाही लिही. लिहू?

उत्तर लवकर धाड. रागावलीस तरी धाड.

तुझी,
धाकटी


२६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नाही लिही. दोन्हीला. खरेपणाची हौस तुझी आणि गाठोडं बांधायचं तिनं, हा कुठला न्याय? आयुष्यात एकदा तरी धड खोटं बोल. टाके ओले होऊ देऊ नकोस. पोरीचेही.

ताई


९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, उगीच तुझा जीव टांगणीला नको. पोर इथेच राहतेय. बाई दर आठवड्याला येणार आणि घरातल्या एकाही दाराला बाहेरून कडी नसणार, या अटीवर.

तुझं ऐकून दोन्हीला नाही लिहिलं होतं. बाई तिच्याशी आतल्या खोलीत बोलायला बसल्या. मला सगळं ऐकू येत होतं. दंडाचं विचारल्यावर ती म्हणाली की ती जिन्यावरून पडली, काकूंनी काही केलं नाही, काकू चांगल्या आहेत. एका दमात, पाठ केल्यासारखं. बाईंनी फाइल चाळली. म्हणाल्या, आधीच्या तिन्ही घरांतही जिनाच. मग एक पान मागे उलटून म्हणाल्या की त्यातल्या एका घराला तर जिनाच नव्हता.

त्या यादीत चौथी मी. आत गेले, दोन्ही उत्तरं खोडून हो लिहिलं. तिच्या हातात काही नसताना मारलं, हेही.

ठिणगीनं पेपरवेट माझ्या कपाळावर फेकला. आता मला नेतील, असं ओरडत तिनं माझं मनगट दातांत धरलं ते सोडेना. बाई ओढायला आल्या, मी नको म्हटलं. शेवटी सोडलं आणि विचारलं, मी स्वतःचंच नाव का सांगितलं. म्हटलं, तसं झालं होतं म्हणून. तिनं मला लाथ घातली आणि विचारलं, ही लाथपण सांगणार का. म्हटलं, हीपण. त्यावर ती जमिनीवर बसून राहिली. बाई पर्स काखेला मारून दारात उभ्या, जावं की राहावं त्यांना कळेना.

मग तिनं मला कागद घ्यायला लावला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. अकरा पानं झाली. बाईंनी ती बालकल्याण समितीपुढे ठेवली आणि सांगितलं की ही मुलगी चार घरांत पहिल्यांदा बोलली, ती याच घरात. पानांत काय आहे ते तुलाही लिहिणार नाही, ती तिची आहेत. एवढंच सांगते की पहिलं वाक्य तिनं मला दोनदा खोडायला लावलं. अक्षर नीट काढ म्हणाली. मग सांगितलं, लिही, मी पडले नव्हते.

तुझं ऐकलं नाही म्हणून हवी तेवढी रागव, लोभ तेवढा ठेव.

तुझी,
धाकटी