दादाला दोन, जगनभाऊंना एक

९ जून
दादाने सही केली. लिव्हरची गाठ कापण्यापलीकडे गेलीय हे घरात माहीत होतं, पण त्याच्या तोंडावर आज पहिल्यांदा कोणी स्पष्ट बोललं. डॉ. बाईंनी सगळं मराठीत समजावलं. नव्या उपचाराची चाचणी. काही पेशंटना नेहमीचं एक औषध, बाकीच्यांना त्याच्या जोडीला दुसरं. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. नको वाटलं तर कधीही सोडायचं.
जन्मभर मासेमारी केलेला दादा म्हणाला, "जालं टाकल्यासारखंच हाय." बाई हसल्या. मला नाही हसता आलं.

१६ जून
दादाला दोन्ही. शेजारच्या खुर्चीत मनोरचे जगनभाऊ, हायवेला पंक्चर काढतात. आजार तोच, चाचणी तीच, पण त्यांना एकच. "तुमी नशीबवाले," म्हणाले. दादा ओशाळला. सलाइन लावून दोघांच्या दिवसभर गप्पा. परतताना बोईसरला उतरलो, दादाने पिशवी खाली ठेवली. मग: "त्याला तीन पोरी हायत, शैले."

७ जुलै
दुसरा डोस. दादाने जगनभाऊंसाठी सुके बोंबील नेले. वॉर्डभर वास. सिस्टर तापली. हे दोघे माझ्या वर्गातल्या पोरांसारखे खाली मान घालून हसतायत. दादाला असं हसताना कित्येक महिन्यांत...

१९ जुलै
पहिल्याच तासाला नवापूरहून वहिनीचा फोन. "यांचे डोले पिवले दिसतात गो." अर्धी रजा टाकून गेले. ओट्यावर जाळं सांधत बसलेला, म्हणजे तसं नाटक. "काय नाय मला." संध्याकाळी मुंबईत अ‍ॅडमिट.

२२ जुलै
औषधानेच लिव्हरला सूज. गाठीशी लढायला शरीराची जी ताकद जागी केली, ती लिव्हरवरच उलटली. दोन्ही बंद. स्टिरॉइड चालू.
वहिनी: "असं होईल ते अगोदर सांगितलेलं काय?"
सांगितलं होतं.

१० ऑगस्ट
घरी आणलंय. कावीळ उतरतेय. त्याची बोट आज पुतण्या घेऊन गेला. दादा किनाऱ्यावरून ओरडून सूचना देत होता. आवाज पोचत नव्हता, तरी देत होता.

१८ ऑगस्ट
स्कॅन. दादाची गाठ लहान झालीय. थोडीच, पण झालीय! बाहेर येऊन जगनभाऊंना सांगणार होते, त्यांचा चेहरा बघून थांबले. त्यांची वाढलीय. ते चाचणीतून बाहेर.
दादा तसाच मागे फिरून डॉ. बाईंच्या खोलीत. "माझं दुसरं औषध बंदच हाय ना? मग ते जगनला द्या."
बाईंनी त्याला बसवलं. चाचणीत असं बदलता येत नाही, जगनभाऊंसाठी वेगळ्या गोळ्या आहेत, सगळं शांतपणे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. उठताना म्हणाला, "माझ्या नावाचं पडून राहील, त्याच्यापेक्षा..."

६ सप्टें.
जगनभाऊ गेले. त्यांच्या बायकोचा फोन. रडून झाल्यावर तिनेच विचारलं, "तुमच्या दादांचं बरं हाय ना?" हो म्हणाले.
दादाला सांगितलं. ताटावरून उठला. वहिनीने झाकून ठेवलं, तसंच राहिलं.

१२ सप्टें.
डॉ. बाई म्हणाल्या, दुसरं औषध दादाला आता कधीच नाही. पहिलं एकटं पुन्हा सुरू करून बघता येईल, नाहीतर इथे थांबायचं. सूज परत येणार नाही अशी खात्री नाही. न घेतलं तर गाठ वाढेल, बहुतेक. सोमवारी कळवा.
"म्हणजे जगनला होतं तेच," दादा म्हणाला. बाईंनी होकारार्थी मान हलवली.
वहिनी म्हणते, घ्या. दादा माझ्याकडे बघतो. "तू शिकलेली. तू सांगशील ते."
उन्हं कलल्यावर किनाऱ्यावर बसलो दोघं. ओहोटी होती. सुयांनी त्याचे हात निळे पडलेत. घे म्हणावं तर जगनभाऊ समोर येतात. नको म्हणावं तर...
बोलायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "घाई नाय गो. बस जरा."