राखेतले मूग

बालाघाट, बुधवार, १४ ऑक्टोबर १९९८

शोधनिबंध टाइप होऊन आला. उद्या पोस्टात टाकायचा, म्हणून आज सहज कटंगीला गयाबाईंना सांगायला गेले. त्यांच्याच घरचे मूग मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्षभर ठेवले होते. सगळ्यांना भुंगे लागले. गावची साठवण कुचकामी, असं लिहून मोकळीही झाले होते मी!

बाईंनी एकच विचारलं, "त्याले राख होती, ते कुठी गेली?"

"धुऊन टाकली. स्वच्छ दाणे हवे होते."

"अवो मॅडम, राख काहून धुतली जी? तेच तं औषध हाय!" आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की शेवटी मीही हसले.

पीएच.डी. झालेली बाई मी, आणि राखेला घाण समजले. तेव्हाच विचारलं असतं तर? पण खरं सांगायचं तर वर्ष गेल्याचं दुःख होत नाहीये. निबंध कपाटात ठेवला. आता पुन्हा पहिल्यापासून.

बसमध्ये मांडीवर नवे मूग होते, राखेसकट. पिशवी जरा गळत होती. बोटं अजून करडी आहेत, या पानावरही ठसे उमटलेत. हे मात्र पुसायचे नाहीत.